दाजी, तुमचा सूर्य आणि माझ्या फ्रेम

दाजी,

काल तुमच्या खुर्चीत बसले. आक्कानंच बसवलं, नाहीतर माझी हिंमत झाली नसती. खुर्ची तुमच्या सवयीप्रमाणे चांगली मागे रेललेली होती आणि पेडलं इतकी लांब की माझे पाय पुरेनात. शर्यतीत गाडी चालवणारा माणूस असा बसतो का हो? तुम्ही बसायचात. तुमच्या पाइप आणि मोटरपंपांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचात तसेच, एक पाय पसरून, गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल अशा बेतानं. मी खुर्ची चार बोटं पुढे ओढली आणि उगाचच मागे वळून बघितलं, तुम्ही ओरडाल म्हणून.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. घरात येणारी माणसं तुमच्याविषयी मोठमोठं बोलतात. दुकान कसं उभं केलंत, जैन बस्तीच्या, देवळाच्या कामात कसे पुढे असायचात, भावकीत कसं जमवून घ्यायचात. सगळं खरंच आहे. पण मला तुमच्याशी त्या एकाच विषयावर बोलायचं आहे ज्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो आणि जो घरात तिसऱ्या माणसाला कधी कळला नाही. सावल्या ठेवायच्या की काढायच्या? आक्काला वाटायचं आपण दोघं कुणाच्या तरी शेतातल्या झाडांबद्दल बोलतोय.

आठवतं का, हे सगळं सुरू कसं झालं? तुमचा अनिकेत बेंगळुरूला नोकरीला गेला आणि त्याचा तो मोटारशर्यतीचा खेळ, स्टिअरिंग, पेडलं, मोठा पडदा असा सगळा पसारा निपाणीच्या घरात वरच्या खोलीत राहिला. आक्का म्हणाली, विकून टाकू. तुम्ही म्हणालात, आधी धूळ तरी झटकतो. धूळ झटकायला म्हणून वर गेलेला लेकाचा बाप जेवायला हाक मारेपर्यंत खाली आलाच नाही. तुम्ही निपाणीच्या रस्त्यानं स्कूटर चालवायचात तेव्हा सायकलवाले घंटी वाजवून पुढे निघून जायचे. अशा माणसाला शर्यतीचं वेड लागावं! आक्काचा मला घाबरून फोन आला होता.

"नयना, ह्यांचं कायतरी बिनसलंय बघ. दार लावून बसत्यात आन् बसल्या जाग्याला ब्रेक दाबत्यात."

मी त्या सुमारास पुण्याचा संसार मोडून परत आले होते. बेळगावात शहापूरला आईकडे राहत होते. गल्लीतली बाई येई ती माझ्याकडे बघून चुकचुकायची आणि काय झालं म्हणून विचारायची. माझं उत्तर ऐकायच्या आधीच प्रत्येकीकडे सल्ला तयार असायचा. शेवटी मी पिरनवाडीला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि फोन उचलायचाच बंद केला. तुमचा उचलला, कारण आक्काचे यजमान म्हणजे काहीतरी गंभीर बोलणार असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "तू कॉलेजात कॉम्प्युटरवाली न्हवं? माझी गाडी वळणावर अडाखतीया. बघ की जरा."

झालं. मी तुमचा पडदा माझ्या पडद्यावर घेतला, खेळाच्या सेटिंगमध्ये शिरले आणि दोन तास तुमच्याशी फक्त फ्रेमविषयी बोलले. पुण्याहून आल्यापासून इतका वेळ मी कुणाशी बोलले नव्हते. तुम्ही ते मुद्दाम केलंत का, हे विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही म्हणाला असतात, "छे गं, गाडी खरंच अडाखत हुती." आणि तेही खरंच होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण पुढच्या रविवारी तुम्ही मलाच शर्यतीत ओढलंत आणि त्यानंतरचा एकही रविवार मला रिकामा वाटला नाही. त्याबद्दल आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलून पाइपांचे भाव सांगत बसला असतात. म्हणून मानले नाहीत. आता मानते, आता तुम्हाला विषय बदलता येत नाही.

मग भांडण. तुम्हाला शंभरदा समजावलेलं एकदा पुन्हा सांगते. कॉम्प्युटर पडद्यावर सारखी चित्रं काढत असतो. एका सेकंदाला साठएक चित्रं निघाली की रस्ता कसा तुपातून सरकल्यासारखा जातो. ती तिसाच्या खाली आली की गाडी दिसते एका जागी आणि असते दुसऱ्याच जागी, आणि तुम्ही वळणाऐवजी गवतात जाता. या एकेका चित्राला फ्रेम म्हणायचं. आता कॉम्प्युटरला सगळ्यात जड काय जातं? सावल्या, उडणारी धूळ, काचेवरची उन्हाची तिरीप, वाऱ्यानं हलणारं गवत. हे सगळं कमी केलं की फ्रेम वाढतात. ज्याला जिंकायचंय तो हे सगळं बंद करतो. मी एकटी सराव करायचे तेव्हा माझा रस्ता असाच असायचा, भर दुपारचा, वर ढग नाही, खाली गवत नाही, झाडं जेमतेम झाडांसारखी. तुम्ही तो एकदा बघितलात आणि म्हणालात, "हे काय गं, सुतक पडल्यागत?"

आणि तुमचा रस्ता! शर्यत ज्याच्या कॉम्प्युटरवरून उघडते त्याच्या हातात सगळ्यांचा सूर्य असतो, आणि उघडायचात नेहमी तुम्ही. थोरले म्हणून. मग तुम्ही आम्हा सगळ्यांना आणून सोडायचात ते त्या डोंगरातल्या ट्रॅकवर, ऐन संध्याकाळी, सूर्य कासराभर वर असताना. तिरपं ऊन, प्रत्येक झाडाची सावली रस्ता ओलांडून पलीकडे गेलेली, पुढच्या गाडीची धूळ सोनेरी झालेली. बघायला छानच होतं, मी कधी नाही म्हटलं? पण आपल्या पाचजणांचे कॉम्प्युटर ते बघून धापा टाकायचे. तुम्ही, मी, माझ्याच कॉलेजात शिकवणारा सिद्धार्थ, चिकोडीचा औषधाच्या दुकानाचा बसू आणि गुंजीचा संतोष. संतोषचं म्हणणं, रेल्वे आली की त्याचं इंटरनेट जातं. शर्यतीत तो मागे पडला की गुंजी स्टेशनवर हमखास एखादी गाडी आलेली असायची.

त्यावर कडी म्हणजे तुम्ही खेळातलं घड्याळ बंद करून ठेवायचात. तिथला वेळ पुढे सरकायचाच नाही. तासभर गाड्या पळवल्या तरी सूर्य आपला तिथेच. मी म्हटलं, दाजी, निदान दुपार तरी करा, सावल्या आखूड होतील, फ्रेम वाढतील. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं होतं.

"जन्मभर दिवस बुडायच्या आत घर गाठायचं म्हणून पळालोय गं. दुकान बंद करा, गिऱ्हाइकाला कटवा, पळा. संध्याकाळ हुती कशी, कधी बघितलीच न्हाय. हितं तरी थांबू दे की तिला."

सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हे आपल्या दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मी पिरनवाडीला राहायला गेल्यावर ते मोडलं आणि रात्री नूडल्स खायला लागले, यावरून तुम्ही माझी टिंगल करायचात. पण तुमचं स्वतःचं एकदाच मोडलं आणि तेही कशापायी, हे मी माझ्या कॉलेजात कितीजणांना सांगितलंय म्हणून सांगू! पावसाळ्याचे दिवस. बाहेर असं भरून आलेलं की दिवस आहे की नाही कळेना. शर्यत रंगात आलेली. माइक चालू, त्यामुळे जिन्यावरून येणारी आक्काची हाक आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

"अवो, ताट वाढलंय. दिवस बुडाय लागला."

तुम्ही मान वर करून समोर बघितलंत आणि अगदी मनापासून म्हणालात, "अजून लई हाय की दिवस! बघ की, कासराभर वर हाय."

आक्का वर आली. पडद्यावरचा सूर्य बघितला, खिडकीबाहेरचा अंधार बघितला. मग जे ऐकू आलं ते पाचही घरांत ऐकू आलं. "ह्यो कुणाचा सूर्य घिऊन बसलाय? भाईरचा बघा भाईरचा! बुडून पार झाला त्यो!" तुम्ही त्या रात्री उपाशी झोपलात. बसू इतका हसला की त्याची गाडी कठड्यावर चढली. पुढच्या रविवारपासून आक्का हाक मारायची ती अशी, "तुमचा ऱ्हाऊ दे, माझा सूर्य बुडतोय. या खाली."

तुमच्या सगळ्या हट्टांत मला मनापासून आवडलेली एकच गोष्ट, ती म्हणजे उचकी. फ्रेम अचानक पडल्या की गाडी पळता पळता आचके खाते. सगळं जग त्याला इंग्रजीत काय म्हणायचं ते म्हणतं, तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "गाडीला उचकी लागली." आणि उचकी लागली की आपण काय करतो? नावं घेतो. कोण आठवण काढतंय बघायला. तुम्ही भर वळणात स्टिअरिंग सांभाळत नावं घ्यायला लागायचात. "अनिकेत... थांबली न्हाय. नयनाची आई... न्हाय. सुजाता..." आणि आक्काचं नाव घेतल्यावर नेमकी उचकी थांबायची. नेमकी म्हणजे काय, तोवर तुम्ही झाडांची रांग ओलांडलेली असायचात, सावल्या संपलेल्या असायच्या, कॉम्प्युटरला श्वास घ्यायला फुरसत मिळालेली असायची. मी हे समजावायला गेले की तुम्ही म्हणायचात, "ते तुझं कॉलेजातलं कारण झालं. माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." मग सिद्धार्थही नावं घ्यायला लागला, संतोषही. बसूनं तर उधारी बुडवून गेलेल्या गिऱ्हाइकांची नावं घ्यायला सुरुवात केली, कुणीतरी आठवण काढत असेल या आशेनं.

तुमच्या शेवटच्या रविवारी मी पहिली आले आणि तुम्ही, नेहमीप्रमाणे, शेवटचे. मला चेव चढला होता. मी म्हटलं, दाजी, बघा, सावल्या काढल्या म्हणून जिंकले, तुम्ही तो सूर्य कवटाळून बसा. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "तू पुढं गेलीस खरं. वाटंत काय बघितलंस, सांग."

मी तोंड उघडलं आणि खालून आक्काची हाक आली. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे, फुडल्या रविवारी सांग." बुधवारी संध्याकाळी फोन आला तो तुमच्या शेजारच्यांचा. बेळगावहून निपाणीला येईपर्यंत गाडीत मला दुसरं काही सुचत नव्हतं. माणूस गेला आणि मी मात्र मनातल्या मनात उत्तर जुळवत होते, की रस्ता बघितला, वळण बघितलं, कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा बघितला. त्याच्यापुढे काही आठवेना.

दिवस झाले, पै-पाहुणे पांगले. अनिकेतलाही परत जावं लागलं. मग मी चार दिवस आक्काजवळ राहिले आणि तेव्हा एक बघितलं. दिवस कलला की आक्का हातातलं काम टाकून जिन्याखाली जाऊन उभी राहते. हाक मारत नाही, वर बघत नाही, कठड्यावर हात ठेवून नुसती उभी. बाहेर पुरता अंधार झाला की आत येते. जेवायला वाढलं तर म्हणते, आता कुठलं, दिवस बुडाला. असं रोज. तुमच्यामागे तिची संध्याकाळ उपाशी जायला लागली होती, दाजी, आणि मी समोर असून मला काही करता येत नव्हतं.

म्हणून बसूनं तुमच्या नावानं एक शर्यत लावू म्हटलं तेव्हा मी आधी नकोच म्हणाले. शर्यत तुमच्याच कॉम्प्युटरवरून उघडावी, तुमच्याच ट्रॅकवर, हे सगळ्यांना हवं होतं. पण सूर्य कुठला? सिद्धार्थचं म्हणणं सरळ होतं. "दुपार ठेव गं. आक्का घरात हाय. त्यो संध्याकाळचा सूर्य बघून तिला काय वाटंल?" फ्रेमच्या हिशेबानंही ते बरोबरच होतं. इतकी वर्षं मी दुपारच मागत होते आणि आता ती मिळत होती तर मला ती घेववेना. तुमची शर्यत आणि तुमचा सूर्य नाही, हे कसं? आणि तो ठेवला आणि आक्का कोलमडली तर?

मी आक्कालाच विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मी कधी नीट बघितलाच न्हाय त्यो. भांडायच्याच तोंडानं वर गेले कायम. दाव की एकदा."

तर काल दुपारी मी तुमच्या खुर्चीत बसले आणि सेटिंगचं पान उघडलं. दाजी, काय करून ठेवलं होतंत हो! सावल्या पूर्ण. गवत पूर्ण. धूळ पूर्ण. प्रेक्षक शून्य. ते का, हे मला ठाऊक होतं. दिवसभर दुकानात माणसंच बघतो, हितं आन् कशाला, असं म्हणायचात. पण आरसे? आरसेसुद्धा पूर्ण! मागचं सगळं जग कॉम्प्युटरला दुसऱ्यांदा रंगवायला लावणारे आरसे. मागं कोण हाय ते कळाय पायजे, हे तुमचं कारण. अहो, तुम्ही कायम शेवटचे! तुमच्या मागे कधी कोण होतं? त्या रिकाम्या आरशापायी तुमचा कॉम्प्युटर इतकी वर्षं राबत होता. मी तिथे एकटीच मोठ्यानं हसले आणि हसता हसता डोळे भरून आले, ते पुसायला तुमचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर होताच.

मग मी कामाला लागले. आरसे बंद. गाडीच्या पत्र्यावरचं प्रतिबिंब बंद. धूळ अर्धी. लांबच्या झाडांच्या सावल्या काढल्या, जवळच्या ठेवल्या. सूर्याला हात लावला नाही. प्रत्येक बदल केला की एक फेरी मारायची, कोपऱ्यातला आकडा बघायचा, परत यायचं. करता करता आकडा साठाच्या जवळ गेला. तुमचा सूर्य, तुमच्या सावल्या आणि माझ्या फ्रेम, सगळं एकत्र, तुमच्याच जुन्या कॉम्प्युटरवर. एवढंच करायचं होतं. तुम्ही म्हणत होतात सगळं ठेव, मी म्हणत होते सगळं काढ, आणि दोघांपैकी एकालाही मधलं काही सुचलं नाही. मेहुणी-दाजींचं भांडण असं मिटवून टाकायचं नसतं, हेही खरंच.

पाच वाजता सगळे आले. आक्का वर आली, स्टूल ओढून माझ्यामागे बसली. तिचे हात ओले होते, पदराला पुसत राहिली.

संध्याकाळ उघडल्याबरोबर माइकवर बसूनं सुरुवात केली, "मी गवात काढलं बघ. त्याबिगर चालंना. पर सूर्य हाय." सिद्धार्थ म्हणाला, "मी पडदा निम्मा केलाय. पोस्टाच्या तिकिटाएवढी गाडी दिसतीया. पर सूर्य हाय." संतोष म्हणाला, "माझ्याकडं झाडं न्हाईत, कठडा न्हाय, डोंगर निम्माच हाय. सूर्य तेवढा हाय." ज्याला जे परवडलं ते त्यानं सोडलं होतं आणि तुमचा सूर्य मात्र चारही घरांत होता. आक्का मागून म्हणाली, "ही पोरं काय म्हणत्यात गं?" मी म्हटलं, दाजींसाठी घर आवरून आलीत.

शर्यत सुरू झाली. पहिल्याच झाडांच्या रांगेत संतोषच्या गाडीला उचकी लागली, मग बसूच्या. दोघांनी सांगितलं, पण तुमचं नाव कुणी घेईना. नाव घेतलं तर थांबेल म्हणून. तसेच आचके खात सगळे पुढे गेले.

आणि मी बघितलं, दाजी. फ्रेमचा आकडा मी सुरुवातीलाच झाकून टाकला होता. दुसऱ्या वळणानंतर ते मोठं झाड येतं, त्याची सावली आधी गाडीच्या नाकावर येते, मग काचेवर, मग आपण पुरते तिच्यात बुडतो आणि पलीकडे निघतो तो ऊन सरळ डोळ्यांवर. उतारावर डाव्या हाताला कौलारू घर आहे. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारून गेले, ते आहे हेच मला माहीत नव्हतं. त्याच्या दाराशी बाज टाकलेली आहे. घाटाच्या तोंडाशी सगळी दरी एकदम उघडते आणि खालच्या शेतांवर डोंगराची सावली अर्धी आलेली असते. तुम्ही म्हणायचात, रस्ता रुंद व्हायच्या आधी तवंदीचा घाट असाच दिसायचा. आता पटलं. मी तिथे चक्क ब्रेक दाबला. सिद्धार्थ पुढे गेला, बसू गेला, मी गवतातच. वाटेत काय बघितलं ते हे असं, दाजी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आता मला तो टोमणा पुन्हा मारायचा नाही.

तेवढ्यात बसू ओरडला, "नयना, सावल्या वाढाय लागल्यात!"

मी बघितलं. झाडांच्या सावल्या रस्ता ओलांडून दरीत उतरत होत्या. ऊन तांबडं होत होतं. दुपारी मी नवी सेटिंग जतन केली तेव्हा तुमची घड्याळ बंद ठेवायची खूण पुसली गेली होती आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. खेळातलं घड्याळ पळत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमचा सूर्य खाली सरकत होता.

"दिवस बुडतोय! थांबव गं!" सिद्धार्थ.

"दाजींचा सूर्य बुडतोय, नयना, कायतर कर!" संतोष.

शर्यत थांबवून घड्याळ बंद करणं एका बटणाचं काम होतं. माझं बोट त्या बटणावर होतं. मी वळून आक्काकडे बघितलं. तिच्या तोंडावर ते तांबडं ऊन पडलं होतं. ती स्टुलावरून उठून पडद्याजवळ आली होती, कठड्यावर ठेवते तसा हात तुमच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून. मला वाटलं, झालं, आता ही मोडून पडणार.

तिनं माझं बोट बटणावरून बाजूला केलं.

"बुडू दे," ती म्हणाली. "जेवून गेल्यात ते. त्या दिवशी भाकरी वाढून मागितली. पोटभर जेवून गेल्यात."

माइक चालू होता. सूर्य डोंगराला टेकला, निम्मा झाला, मग नुसती कड उरली. ती आक्कानं डोळे न मिटता बघितली. मी रडत होते, ती नाही.

आणि मग अंधार पडला, दाजी. मिट्ट. रस्ता गेला, दरी गेली, पुढची गाडी गेली. नुसते इंजिनांचे आवाज.

"दिवा कुठनं लागतोय गं?" सिद्धार्थ ओरडला.

"मला काय विचारतोस? बसू, तुला म्हायती हाय?"

"माझं वायपर चालू झालं! साकु, साकु, पुरे झालं, कुणीतर दिवा लावा!"

धाडकन आवाज आला. कुणीतरी कुणाला तरी ठोकलं होतं. संतोष सांगत होता की तो बहुतेक उलटा चाललाय. मी स्टिअरिंगवरचं एकेक बटण दाबत होते, हॉर्न वाजत होता, सीट मागेपुढे होत होती, दिवा काही लागेना. कारण गाडीला दिवे असले तरी बटण आधी नेमून द्यावं लागतं आणि ते आमच्यातल्या एकानंही कधी दिलं नव्हतं. माझ्यामागे घुसमटल्यासारखा आवाज आला म्हणून मी दचकून वळले. आक्का पदराचा बोळा तोंडाला लावून हसत होती. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरेना. हसतच तिनं खिडकीबाहेर बघितलं. तिथे अजून चांगलं लख्ख ऊन होतं. "चल, खरा दिवस हाय तवर दोघी जेवून घिऊ," म्हणाली आणि माइककडे वाकून पोरांना झापलं.

"इतकी वर्सं झाली, ह्यांनी तुमास्नी दिवा लावायबी शिकिवलं न्हाय व्हय रं?"

नाही शिकवलं, दाजी. आमच्यावर दिवा लावायची वेळच तुम्ही कधी येऊ दिली नव्हती.